पिस्तुलाच्या मुठीवर रबरी कव्हर: माप, चढवणं आणि बिघडतं कुठे

मुठीवरचं रबरी कव्हर मोज्यासारखं चढवायचं असतं, त्यामुळे ते पाच मिनिटांचं काम वाटतं. मधला भाग खरंच पाच मिनिटांत बसतो. वेळ खातात त्या कडा: वर अंगठा आणि तर्जनीची बेचकी टेकते ती जागा, बाजूला मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी) सोडायचं बटण, आणि खाली मॅगझिन शिरतं ते तोंड. कव्हर लावल्यावर मॅगझिन नको तेव्हा सुटतं, हवं तेव्हा सुटत नाही, सेफ्टी (चुकून गोळी सुटू न देणारी कळ) नीट दबत नाही, अशा ज्या तक्रारी येतात त्या बहुतेक या तीन जागांच्याच असतात. म्हणून मधल्या नक्षीपेक्षा कडांकडे जास्त लक्ष द्या.

आधी, मूठ सरकते कशाने

हात सरकतो तो तीन कारणांनी. तळहाताला घाम येतो, मूठ हाताच्या मानाने बारीक असते, किंवा पकडच चुकलेली असते. कव्हर पहिल्या दोन कारणांवर चालतं. तिसऱ्यावर ते लावणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

कोणतं कारण आहे हे ओळखायला खडूची पूड पुरते. पिस्तूल पूर्ण रिकामं करून (कसं, ते पुढे येतंच) मुठीला सगळीकडे पूड चोळा, नेहमीसारखी दोन्ही हातांची पकड घ्या, दहा सेकंद घट्ट धरा आणि हात उघडून तळवे बघा. दोन्ही तळव्यांवर पूड उमटली तर पकड ठीक आहे आणि घामाचा किंवा जाडीचा विचार करायला हरकत नाही. आधार देणाऱ्या हाताच्या तळव्याच्या टाचेवर पूडच नसेल, तर तो हात मुठीला लागतच नाहीये, नुसता दुसऱ्या हाताच्या बोटांभोवती गुंडाळला जातोय. उजव्या हाताने धरणाऱ्याच्या बाबतीत मुठीच्या डाव्या अंगाला जी रिकामी जागा उरते, ती या दुसऱ्या तळव्यासाठीच असते. ती भरली नाही तर कितीही खरखरीत कव्हर लावा, गोळी सुटतानाच्या झटक्यासरशी पिस्तूल हातात फिरणारच.

आता जाडी. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कव्हर २ मिमी जाड असेल तर मुठीचा घेर २ मिमीने वाढत नाही. जाडीच्या सुमारे सव्वासहा पट, म्हणजे साडेबारा मिमीने वाढतो. ३ मिमीचं कव्हर घेर जवळजवळ १९ मिमीने वाढवतं. मोठ्या हाताला हे सुखाचं वाटतं. लहान हाताला मात्र ट्रिगर लांब जातो: बेचकी मुठीच्या मध्यावर, नळी मनगटाच्या सरळ रेषेत, आणि तर्जनीचं पेर ट्रिगरच्या मध्यावर, या तिन्ही गोष्टी एकदम जमेनाशा होतात. मग माणूस नकळत पिस्तूल हातात थोडं फिरवून बोट पोहोचवतो. झटका तळव्यात जायच्या ऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि ट्रिगर ओढताना नळी बाजूला ढकलली जाते.

विकत घेण्याआधी याची परीक्षा फुकटात होते. पायाला बांधायची इलास्टिकची पट्टी रिकाम्या पिस्तुलाच्या मुठीवर दोन वेढे गुंडाळा. साधारण २ मिमीची जाडी मिळते. पकड घ्या, तर्जनी ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर येत असेल तर कव्हर चालेल. नुसतं टोक पोहोचत असेल तर जाड कव्हराचा नाद सोडा आणि १ मिमीच्या आतलं काहीतरी बघा, किंवा खरखरीत चिकटपट्टी लावा. ग्लॉक कंपनीच्या चौथ्या पिढीपासूनच्या बहुतेक आणि इतर अनेक पॉलिमर (प्लास्टिकच्या सांगाड्याच्या) पिस्तुलांत मुठीची मागची पट्टी बदलता येते. मोठी पट्टी लावलेली असेल तर ती काढून लहान बसवा आणि मग कव्हर चढवा, हिशोब जमतो.

कव्हर निवडताना

बाजारात दोन जाती आहेत. एक सर्वांना बसेल अशी नळीसारखी, दुसरी ठरावीक मॉडेलच्या मापाने साचात ओतलेली. होग कंपनी दोन्ही बनवते. तिच्या सर्वांना चालणाऱ्या कव्हरावर बोटांसाठी खाचा असतात. पॅकमायर कंपनीचीही सरकवून चढवायची कव्हरं आहेत. आपल्या मॉडेलचं कव्हर मिळत असेल तर तेच घ्या. त्यात बटणाची जागा आधीच कापलेली असते, वरची कड मुठीच्या आकाराने वळवलेली असते, आणि या लेखातलं निम्मं काम वाचतं.

बोटांच्या खाचांबद्दल स्पष्ट सांगायचं तर त्या ज्याच्या बोटांना बसतात त्यालाच बसतात. बोटं जाड असली की खाचांमधले उंचवटे बोटांखाली येतात आणि दर वेळी पकड थोडी वेगळी बसते. ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीच्या मुठीवर मुळातच खाचा आहेत. त्यावर खाचांचं कव्हर चढवलं आणि दोन्ही खाचा जुळल्या नाहीत तर मधे पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की कव्हर तिथे दाबलं जाऊन हलतं. शंका असेल तर साधं, बिनखाचांचं घ्या.

नक्षी कशी आहे यापेक्षा तिच्यात पाणी जायला वाट आहे का ते बघा. गुळगुळीत रबर कोरड्या हातात उत्तम धरतं. ओल्या हातात त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि ते साबणाच्या वडीसारखं निसटतं. बारीक दाणे आणि त्यांच्यामध्ये सलग चर असलेली नक्षी हा थर फोडते. पाऊस, घाम, चिखल यात सगळ्यात चांगली धरते ती रेतीदार चिकटपट्टी, पण ती हाताची सालं काढते आणि कपड्यांचं अस्तर खाते. रबरही कपड्याला चिकटतं, हे पिस्तूल कपड्याआड वागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: शर्ट मुठीवर अडकून राहतो आणि आकार बाहेर दिसतो.

आता एक इशारा, जो पाकिटावर लिहिलेला असेलच असं नाही. काही पिस्तुलांत मूठ हाच यंत्रणेचा भाग असतो. ‘१९११’ या नमुन्याच्या पिस्तुलांत आणि स्प्रिंगफील्ड एक्सडी या पिस्तुलामध्ये मुठीच्या मागे वरच्या बाजूला दाबायची सेफ्टी असते. एचके कंपनीच्या पी७ या पिस्तुलात मुठीची पुढची अख्खी पट्टी दाबल्यावर पिस्तूल सज्ज होतं. अशा हलणाऱ्या भागावर कव्हर येता कामा नये. घट्ट रबर सेफ्टीला कायम दाबून ठेवू शकतं, म्हणजे ती सेफ्टी असून नसल्यासारखी. किंवा रबराची कड तिच्या फटीत शिरून ती पूर्ण दबूच देत नाही, आणि मग ऐन वेळी ट्रिगर मेल्यासारखा राहतो. १९११ वर कव्हर सेफ्टीच्या खालीच संपवायचं. पी७ वर लावूच नका.

पिस्तूल रिकामं करणं आणि मूठ धुणं

कामाच्या खोलीत एकही गोळी ठेवू नका. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढा. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) ढकलते आणि तुम्ही रिकामं समजता ते पिस्तूल भरलेलं असतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर (गोळ्यांची फिरती चकरी) उघडून प्रत्येक घर बघा.

यानंतर स्लाइड उतरवून ठेवलेली बरी. नुसती फ्रेम (मूठ आणि ट्रिगर असलेला खालचा सांगाडा) हलकी असते, हाताळायला सोपी, आणि स्लाइडमध्ये पाणी जात नाही. ग्लॉक खोलण्यासाठी ट्रिगर ओढावाच लागतो, म्हणून चेंबर तपासणं तिथे दुप्पट महत्त्वाचं. १९११ ची स्लाइड काढल्यावर मात्र ट्रिगर ओढू नका. हॅमर (मागची घोडी) सुटून थेट फ्रेमवर आपटतो आणि फ्रेमला इजा होते.

मॅगझिनच्या पोकळीत कापडाची सुरळी घट्ट सारा, म्हणजे ओघळ आत ट्रिगरपर्यंत जाणार नाही. मूठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. पहिल्या बोळ्यावर काळं येईल, दुसऱ्यावर येऊ नये. आलं तर तिसऱ्यांदा पुसा. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरिन असतं आणि ते मागे बुळबुळीत थर सोडतं. लाकडी पट्ट्यांवर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोलने ते विरघळतं; तिथे साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं. पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर ते स्क्रू आत्ताच आवळून घ्या, कव्हराखाली गेल्यावर ते ढिले झालेले दिसणार नाहीत.

चढवणं

कव्हर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. हात घालता येईल इतपत गरम, उकळतं नको. रबर मऊ होतं आणि ताणताना फाटत नाही. तोवर घसरण कशाची वापरायची ते ठरवा. आयसोप्रोपिल फवारलं तर ते उडून जातं आणि काही तासांत पकड पक्की होते, पण ते उडतं म्हणूनच हात चालवावा लागतो. कव्हर अर्ध्यावर असताना सुकलं तर तिथेच घट्ट बसतं. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे तीन-चार थेंब हा पर्याय सावकाश काम करणाऱ्यांसाठी, मात्र सुकायला पूर्ण दिवस द्या. तेल, ग्रीस, सिलिकॉनचा फवारा यांना हातही लावू नका. पेट्रोलियमच्या तेलाने बरीच रबरं फुगून सैल पडतात, आणि सिलिकॉन कधी सुकतच नाही. ते कव्हर पुढे कायम फिरत राहतं.

कव्हराचा वरचा एक तृतीयांश भाग शर्टाची बाही दुमडावी तसा बाहेर दुमडा. आतून आणि मुठीवरून फवारा मारा. कव्हराचा पुढचा-मागचा भाग बरोबर ओळखून खालच्या टोकावरून घाला आणि वर ओढा, एकदम नव्हे. मागची बाजू अर्धा सेंटिमीटर, मग पुढची अर्धा सेंटिमीटर, पुन्हा मागची. एकाच बाजूने खेचलं तर कव्हर तिरपं चढतं आणि पिळवटतं. नखं लावू नका, अंगठ्यांच्या मांसल भागाने सरकवा. जागेवर आल्यावर दुमड उलगडा. मागची शिवण किंवा साचाची रेष मुठीच्या पाठीच्या मध्यावर आली का ते मागून सरळ डोळा लावून बघा. ओलं आहे तोवरच ते फिरवता येतं.

शेवटी दोन्ही अंगठ्यांनी मधून कडांकडे दाबत आतली हवा आणि पाणी बाहेर काढा. बोटाखाली फुगवटा लागत असेल तर तिथे पाणी अडकलंय. ते राहू दिलं तर पोलादी फ्रेम तिथेच गंजते.

कडा

वरची कड बेचकीच्या जागेच्या खालीच असावी. ती चढून स्लाइडखालच्या मागे आलेल्या टोकावर गेली तर हात खाली ढकलला जातो आणि प्रत्येक गोळीला नळी जास्त उसळते. स्लाइड परत बसवून हळूहळू पूर्ण मागे ओढा आणि बाजूने बघा. रबराला कुठेच शिवता कामा नये. पुढच्या बाजूला कव्हर ट्रिगरच्या कड्याखाली अगदी भिडलेलं असेल तर होल्स्टर पूर्ण बसतंय का तेही पाहा. होल्स्टरमध्ये अर्धवट बसलेलं पिस्तूल पडतं.

खालची कड मॅगझिनच्या तोंडापासून २ ते ३ मिमी वर थांबवा. तोंडाच्या कडेला समांतर ठेवली तर सुरुवातीला छान दिसतं, पण वापराने रबर खाली सरकतं, ओठासारखं आत वळतं आणि मॅगझिन घाईत घालताना त्याला अडकतं.

बटणाची जागा सगळ्यात नाजूक. भोक नसलेलं कव्हर असेल तर बटणाची जागा बोटाने चाचपून पांढऱ्या पेन्सिलने खूण करा, कव्हर परत उतरवा आणि खुणेवर चामड्याला भोक पाडायच्या पंचने ५-६ मिमीचं गोल भोक पाडा. होय, पुन्हा उतरवायचं. पिस्तुलावर असताना कटर चालवला तर फ्रेमवर ओरखडा पडतो, आणि तो जन्मभर दिसतो. कटरने फुलीची चीर देऊन काम भागेल असं वाटतं, पण चिरेच्या टोकापासूनच रबर फाटत जातं. गोल भोकाला असं टोकच नसतं. पुन्हा चढवून बघा. लहान पडलं तर काठाकाठाने वाढवा. बटणाभोवती सगळ्या बाजूंनी किमान २ मिमी मोकळं हवं, कारण पकड आवळली की रबर बटणाकडे लोटलं जातं. बटणावर रबराचा नुसता पापुद्रा ठेवून वरूनच दाबू असं करू नका. घट्ट पकडीत तोच पापुद्रा बटण दाबतो आणि मॅगझिन सुटतं. बटण दोन्ही बाजूंना असेल तर भोकंही दोन.

जादा लांबी कापायची असली तरी हेच: खूण मुठीवर, कापणं खाली उतरवून, गोल लाकडी दांड्यावर चढवून, नव्या पात्याने, पातं ओलं करून, एका सलग फेरीत. थांबून थांबून कापलेल्या कडेला दाते पडतात, आणि फाटणं दात्यापासूनच सुरू होतं.

तपासणी

सुकल्यावर, गोळ्या अजूनही खोलीबाहेरच. तुमच्याकडची सगळी मॅगझिन्स घ्या, एक-दोन नव्हे. प्रत्येक रिकामं मॅगझिन दहा वेळा घाला आणि बटण दाबून सोडा. कव्हर चढवण्याआधी जे स्वतःच्या वजनाने पडत होतं ते आताही पडलं पाहिजे. मग मॅगझिन आत असताना मूठ जमेल तितकी आवळा, उजव्या हाताने, मग डाव्याने, मग दोन्हींनी. सुटलं तर भोक लहान आहे. स्लाइड अडकवायची कळ, अंगठ्याची सेफ्टी, मुठीमागची सेफ्टी असेल तर ती, प्रत्येक गोष्ट पकड न बदलता चालवून बघा.

रिकाम्या ट्रिगरचा (गोळी नसताना ट्रिगर ओढण्याचा) सराव करून पकड तपासायची तर .२२ रिमफायरमध्ये (काडतुसाच्या काठावर ठोकून गोळी उडवणाऱ्या पिस्तुलात) तो करू नका किंवा नकली काडतूस वापरा. अशा बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाला ठोकणारी सुई) चेंबरच्या काठावर आपटते. ओल्या हाताची परीक्षाही इथेच घ्या: हात पाण्यात बुडवून झटका आणि धरा.

कव्हर फिरतंय असं वाटलं तर गोंद ओतू नका. उतरवा, मूठ आणि कव्हर आतून अल्कोहोलने पुसा, आणि मुठीच्या पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची दोन्हीकडून चिकटणारी पातळ पट्टी लावून परत चढवा. घसरण म्हणून केसांचा स्प्रे वापरला तरी चालतं. ओला असताना घसरतो, सुकल्यावर चिकटतो. मोटरसायकलच्या हँडलचे रबर बसवायला ही युक्ती जुनीच आहे. तरीही फिरलं तर माप मोठं आहे.

सायकलच्या ट्यूबचं कव्हर

जाडी जवळजवळ वाढवायची नाही, किंवा कव्हर हवं की नको हेच ठरत नाही, अशा वेळी सायकलची जुनी ट्यूब. तिची भिंत साधारण १ मिमीची असते, म्हणजे घेर सहा मिमीच्या आसपास वाढतो. कागदाची पट्टी मुठीच्या मध्यावर गुंडाळून घेर मोजा. ट्यूबचा घेर त्याच्या तीन-चतुर्थांश हवा. घेर १४० मिमी आला तर ट्यूबचा १०५, आणि सपाट ठेवून मोजलेली रुंदी त्याच्या निम्मी, सुमारे ५२ मिमी. याहून रुंद ट्यूब फिरते. फारच अरुंद असेल तर चढते खरी, पण बटणाच्या भोकापाशी ताणून लांबट होते आणि हळूहळू उलते. व्हॉल्व्ह आणि पंक्चरचे ठिगळ टाळून मुठीच्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटर जास्त लांबीचा तुकडा कापा आणि आतली पांढरी पावडर साबणाने धुवून टाका. ही पावडर राहिली तर सगळी मेहनत वाया. ट्यूब गुळगुळीत असते, त्यामुळे ओल्या हाताला ती फारशी मदत करत नाही.

रिव्हॉल्व्हर, एअर पिस्तूल, लांब बंदुका

रिव्हॉल्व्हरवर डाव्या बाजूची वरची कड बघा. सिलिंडर बाहेर काढून रिकामी काडतुसं ढकलताना ती रबरावर अडकत असतील, किंवा स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) मुठीला टेकत असेल, तर तिथे अर्धगोल कापा.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलावर कव्हर लावण्याआधी नियम वाचा. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या १० मीटर प्रकारात अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावावं लागतं, २५ मीटरमध्ये ३०० × १५० × ५० मिमीच्या. लाकडी मूठ आधीच ५० मिमीच्या काठावर असेल तर दोन्ही बाजूंचं २-२ मिमी रबर तुम्हाला बाद करायला पुरतं.

रायफल किंवा शॉटगनच्या दस्त्यावर सरकवून बसवायचं जाड रबरी पॅड झटका मऊ करतं, पण दस्ता साधारण २ ते अडीच सेंटिमीटर लांबतो. तेवढंच डोकं मागे जातं, म्हणून दुर्बीण असेल तर तीही तेवढी मागे आणावी लागते, नाहीतर चित्राभोवती काळी कड दिसते. खांद्याला लावताना पॅडचं वरचं टोक जाकिटात अडकत असेल तर त्या टोकावर गुळगुळीत टेपचा तुकडा लावा. पुढच्या हाताच्या जागी कव्हर चढवताना रबर नळीला टेकू देऊ नका. नळी आणि लाकडाच्या मधून जाड कागदाची पट्टी ओढून बघा. अडकली तर रबर आत घुसलंय, आणि नळी तापली की गोळी लागायची जागा बदलेल.

नंतरची देखभाल

पोलादी फ्रेमवरचं कव्हर महिन्यातून एकदा, आणि पावसात भिजलं तर त्याच दिवशी उतरवा, खाली पुसा, तेलाचा अगदी पुसट हात फिरवून परत कोरडं पुसा. पॉलिमरला तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. नळी साफ करायचं सॉल्व्हंट कव्हरावर सांडू देऊ नका, आणि डीट असलेलं डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी मूठ धरू नका. दोन्हींनी काही रबरं आणि प्लास्टिकं चिकट होतात. पृष्ठभाग पुसूनही चिकट राहू लागला, ताणल्यावर बारीक भेगा दिसू लागल्या, किंवा बटणाचं भोक लांबोडकं झालं, तर नवीन कव्हर घ्या आणि नव्यावर सगळ्या मॅगझिन्सची तपासणी पहिल्यापासून करा.